स्थिरता नियंत्रण सूचक दिवा

स्थिरता नियंत्रण सूचक दिवा हा चारचाकी मोटारीच्या डॅशबोर्डवरील पिवळ्या रंगाचा दिवा असून वाहनातील इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण प्रणालीची स्थिती तो चालकास कळवितो. ही प्रणाली ईएससी या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. गाडी घसरू लागली की प्रणाली एखाद्या चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावते, इंजिनाची शक्ती कमी करते आणि चालकाने स्टिअरिंग ज्या दिशेने वळविले आहे त्या दिशेत गाडीला ठेवण्याचा प्रयत्न करते.

दिव्याच्या दोन अवस्थांचे अर्थ परस्परविरुद्ध आहेत. चालत्या गाडीत तो लुकलुकत असेल तर प्रणाली त्या क्षणी काम करीत असते. तो सतत पेटून राहिला तर प्रणाली बंद असते किंवा तिच्यात बिघाड झालेला असतो. सतत पेटलेल्या दिव्यासह गाडी सहसा नेहमीसारखीच चालते व थांबते. त्यामुळे अनेक चालक त्याकडे दुर्लक्ष करतात. प्रणालीची उणीव ओला घाटरस्ता, चिखल किंवा द्रुतगती मार्गावर अचानक बदललेली दिशा अशा प्रसंगीच जाणवते.

## चिन्ह आणि नावे

दिव्याचे प्रचलित चिन्ह म्हणजे मागून दिसणारी मोटार आणि तिच्या चाकांखाली उमटलेल्या दोन नागमोडी रेषा. काही गाड्यांत चिन्हाऐवजी किंवा चिन्हासोबत ‘ईएससी’ ही अक्षरे असतात. याच चिन्हाखाली ‘ऑफ’ असा शब्द असलेला दुसरा दिवा बहुतेक गाड्यांत वेगळा असतो आणि चालकाने बटण दाबून प्रणाली बंद केली असल्याचे तो दाखवितो.

उत्पादकांनी या प्रणालीस निरनिराळी नावे दिली आहेत. बॉश, मर्सिडीज-बेंझ, मारुती सुझुकी व महिंद्रा ‘ईएसपी’ हे नाव वापरतात. टोयोटा ‘व्हीएससी’, होंडा ‘व्हीएसए’, बीएमडब्ल्यू ‘डीएससी’, तर ह्युंदाई व किआ ‘ईएससी’ असे म्हणतात. नावे भिन्न असली तरी मूळ तत्त्व आणि दिव्याचा अर्थ एकच आहे.

## दिव्याच्या अवस्था

| अवस्था | अर्थ | चालकाने करावयाची कृती |
|---|---|---|
| चावी फिरविल्यावर काही सेकंद पेटून विझतो | प्रणालीची स्वयंतपासणी | काही करावे लागत नाही |
| चालत्या गाडीत लुकलुकतो | चाक घसरत आहे. प्रणाली हस्तक्षेप करीत आहे | ॲक्सिलरेटर सैल सोडून वेग कमी करावा |
| सतत पेटलेला राहतो | प्रणालीत दोष; घसरण रोखली जाणार नाही | वेग कमी ठेवून लवकर तपासणी करून घ्यावी |
| ‘ऑफ’ दिवा पेटलेला | बटण दाबून प्रणाली बंद केली आहे | बटण पुन्हा दाबून ती सुरू करावी |
| चावी फिरविल्यावरही पेटत नाही | दिवा निकामी आहे किंवा मुद्दाम झाकला आहे | तपासणी करून घ्यावी |

शेवटची अवस्था जुनी गाडी विकत घेणाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. बिघाड लपविण्यासाठी दिवा काढून टाकला किंवा झाकला असल्यास इंजिन सुरू करतानाही तो पेटत नाही. म्हणून प्रणाली असलेल्या गाडीत चावी फिरविल्यावर हा दिवा पेटतो आणि नंतर विझतो या दोन्ही गोष्टी पाहणे आवश्यक असते.

## कार्यपद्धती

### संवेदक

प्रणालीला दोन गोष्टींची तुलना करावी लागते: चालकाला कोठे जायचे आहे आणि गाडी प्रत्यक्षात कोठे चालली आहे. चालकाचा हेतू स्टिअरिंगच्या कोनाच्या सेन्सरवरून व ब्रेकमधील दाबावरून कळतो. गाडीची प्रत्यक्ष हालचाल चारही चाकांच्या वेगाचे सेन्सर, गाडी स्वतःभोवती किती झपाट्याने वळते हे मोजणारा सेन्सर आणि बाजूस होणारे त्वरण मोजणारा सेन्सर यांवरून समजते. बॉश कंपनीच्या वर्णनानुसार ही तुलना सेकंदाला २५ वेळा केली जाते.

### हस्तक्षेप

वळणावर गाडी दोन प्रकारे ताबा सोडते. पहिल्या प्रकारात पुढची चाके घसरतात. स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ वळणाबाहेर जाऊ लागते. अशा वेळी प्रणाली मुख्यतः वळणाच्या आतील बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लावून गाडीचे तोंड आत ओढते. दुसऱ्या प्रकारात मागची चाके घसरतात आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाऊन ती गरकन फिरू लागते. तेव्हा बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लावून हे फिरणे रोखले जाते. चालकाच्या पायाखाली एकच ब्रेक पॅडल असल्याने चार चाकांपैकी एकालाच ब्रेक लावणे त्याला कधीही शक्य नसते. प्रणालीचे वेगळेपण यातच आहे.

### घर्षणाची मर्यादा

वळणावर गाडीला धरून ठेवणारे बल टायर व रस्ता यांतील घर्षणातूनच मिळते. आवश्यक बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० किमीऐवजी १०० किमी वेगाने तेच वळण घेतल्यास बल सुमारे ५६ टक्क्यांनी अधिक लागते. ५० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणाचे उदाहरण घेता येईल. घर्षण गुणांक ०.७ मानल्यास, म्हणजे कोरड्या डांबरी रस्त्यावर, कमाल वेग ताशी सुमारे ६७ किमी येतो; ०.४ मानल्यास, म्हणजे ओल्या रस्त्यावर, तो ५० किमी होतो. आणि चिखलाने माखलेल्या रस्त्यावर ०.२ मानल्यास तो अवघा ३६ किमी उरतो. या मर्यादेपलीकडे कोणतीही प्रणाली गाडीला रस्त्यावर ठेवू शकत नाही. उपलब्ध घर्षणाचा उत्तम उपयोग करणे प्रणालीला जमते, नवीन घर्षण निर्माण करणे जमत नाही.

## इतिहास आणि नियम

स्थिरता नियंत्रणाचा पाया चाके जखडू न देणाऱ्या एबीएस प्रणालीने घातला. बॉशची इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लास मोटारीत आली. त्याच कंपन्यांच्या सहकार्याने १९९५ मध्ये एस-क्लासच्या कूपे मोटारीत स्थिरता नियंत्रण प्रणाली प्रथम उपलब्ध झाली.

ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधील ‘टेक्निकेन्स वार्ल्ड’ या नियतकालिकाने घेतलेल्या चाचणीत मर्सिडीजची ए-क्लास ही लहान मोटार उलटली. रस्त्यात अचानक आलेला प्राणी चुकविण्यासाठी गाडी झटकन एका बाजूला व पुन्हा मूळ मार्गिकेत आणणे असे या चाचणीचे स्वरूप होते. त्यानंतर कंपनीने या मोटारीत स्थिरता नियंत्रण सर्वत्र बसविण्यास सुरुवात केली. महागड्या गाड्यांपुरती मर्यादित असलेली ही प्रणाली लहान गाड्यांत येण्यास या घटनेने मोठी गती दिली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००७ मध्ये याबाबतचा नियम जाहीर केला. या प्रणालीमुळे एकट्याच वाहनाचे अपघात मोटारींमध्ये ३४ टक्क्यांनी व एसयूव्ही प्रकारात ५९ टक्क्यांनी घटतील, असा त्या प्रशासनाचा अंदाज होता. सप्टेंबर २०११ पासून त्या देशात सर्व नव्या हलक्या वाहनांना ती बंधनकारक झाली. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून नव्या मोटारींना हीच अट लागू झाली.

भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस अनिवार्य आहे. स्थिरता नियंत्रणासाठी एआयएस-१३३ हे मानक आहे. २२ ऑगस्ट २०२३ रोजी जाहीर होऊन १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या भारत एनसीएपी या सुरक्षा मूल्यांकनात तीन किंवा अधिक तारे मिळविण्यासाठी गाडीत ही प्रणाली असणे आवश्यक ठरविण्यात आले. तरीही रस्त्यावरील अनेक जुन्या गाड्यांत एबीएस आहे, पण स्थिरता नियंत्रण नाही. अशा गाड्यांत हा दिवाच नसतो. दिवा दिसत नाही म्हणून सर्व ठीक आहे असा निष्कर्ष त्यांच्या बाबतीत काढता येत नाही.

## दिवा सतत पेटण्याची कारणे

स्थिरता नियंत्रण आणि एबीएस यांचे सेन्सर, द्रवदाब यंत्रणा व नियंत्रक बहुतांशी समाईक असतात. त्यामुळे एका लहानशा भागातील दोषाने दोन्ही दिवे एकदम पेटू शकतात. नेहमी आढळणारी कारणे पुढीलप्रमाणे:

* चाकाच्या वेगाचा सेन्सर: हा चाकाच्या हबजवळ असतो आणि त्याची तार चाकाच्या वरच्या पोकळीतून जाते. चिखल, दगड किंवा लोखंडाचा चुरा यांमुळे तो खराब होतो. उंदरांनी तार कुरतडल्यानेही दोष उद्भवतो. धान्य किंवा कापूस साठविलेल्या जागेजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत याची शक्यता अधिक असते.
* चाकाची बेअरिंग: अनेक गाड्यांत सेन्सरसाठी लागणारी चुंबकीय पट्टी बेअरिंगमध्येच असते. बेअरिंग बदलताना ती उलट बसविल्यास सेन्सरला संकेत मिळत नाही.
* स्टिअरिंग कोनाचा सेन्सर: चाकांचे अलाइनमेंट किंवा स्टिअरिंगचे काम केल्यानंतर, तसेच काही गाड्यांत बॅटरी काढल्यानंतर या सेन्सरला मधली स्थिती पुन्हा ‘शिकवावी’ लागते.
* बॅटरीचा कमी दाब: अशक्त बॅटरीमुळे इंजिन सुरू करताना दाब घसरतो आणि नियंत्रक तात्पुरता दोष नोंदवितो.
* टायरमधील तफावत: चार टायर वेगवेगळ्या मापाचे किंवा झिजेचे असल्यास, तसेच लहान आकाराची स्टेपनी बसविल्यास चाकांच्या वेगात फरक पडतो आणि प्रणाली तो फरक घसरण समजू शकते.
* ब्रेक दिव्याचा स्विच: ब्रेक पॅडलजवळचा हा छोटा, स्वस्त भाग बिघडल्यास चालक ब्रेक दाबत आहे की नाही हे नियंत्रकाला कळत नाही.

## दोषनिदान

दिवा कोणत्या भागामुळे पेटला हे केवळ पाहून सांगता येत नाही. त्यासाठी स्कॅनर गाडीच्या निदान सॉकेटला जोडून नोंदलेला दोषसंकेत वाचला जातो. प्रमाणित संकेतांत सी-००३५ हा डाव्या पुढच्या, सी-००४० हा उजव्या पुढच्या, सी-००४५ हा डाव्या मागच्या आणि सी-००५० हा उजव्या मागच्या चाकाच्या सेन्सरशी संबंधित असतो. यू-०१२१ या संकेताचा अर्थ एबीएस नियंत्रकाशी संपर्क तुटला असा होतो. याशिवाय प्रत्येक कंपनीचे स्वतःचे संकेत असतात.

अनेक स्वस्त स्कॅनर फक्त इंजिनाचे, म्हणजे ‘पी’ अक्षराने सुरू होणारे संकेत वाचतात. अशा यंत्राने दोष दिसला नाही तरी दोष नाही असे ठरत नाही. ‘सी’ व ‘यू’ गटांचे संकेत वाचणारे यंत्र लागते. संकेत एखाद्या सेन्सरचे नाव सांगत असला तरी दोष त्या सेन्सरमध्येच असेल असेही नाही. तार, जोडणी आणि बेअरिंग तपासल्यानंतरच भाग बदलणे किफायतशीर ठरते. कारण दूर न करता संकेत पुसून टाकल्यास दिवा काही काळ विझतो, परंतु पुढील तपासणीत दोष आढळताच तो पुन्हा पेटतो.

## इतर दिव्यांसोबतचा अर्थ

* केवळ स्थिरता दिवा: ब्रेक व सहसा एबीएस चालू असतात, घसरण सावरण्याची सोय नसते.
* स्थिरता व एबीएस दिवे: ब्रेक लागतात, पण जोरात दाबल्यास चाके जखडू शकतात. चढावर गाडी मागे न जाऊ देणारी सोयही याच यंत्रणेवर अवलंबून असल्याने ती बंद पडू शकते.
* स्थिरता, एबीएस व लाल ब्रेक दिवा: ही गंभीर अवस्था आहे. ब्रेक ऑइलची पातळी खाली गेलेली असू शकते किंवा पुढच्या-मागच्या चाकांतील ब्रेकबलाची विभागणी बंद पडलेली असू शकते. गाडी सुरक्षित जागी थांबवून पातळी पाहावी व टोचन वाहनाची मदत घ्यावी.
* स्थिरता व इंजिन दिवा: इंजिनातील दोषामुळे शक्ती नियंत्रित करता येत नसल्याने काही गाड्यांत स्थिरता प्रणाली स्वतःहून बंद होते. अशा वेळी मूळ दुरुस्ती इंजिनाची असते.

## बुलढाणा जिल्ह्यातील रस्ते

या दिव्याचा अर्थ प्रत्यक्ष रस्त्यावर कसा बदलतो हे विदर्भातील बुलढाणा जिल्ह्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. जिल्ह्यात एकाच दिवसाच्या प्रवासात घाटरस्ता, काळ्या मातीचा ग्रामीण रस्ता आणि द्रुतगती मार्ग असे तिन्ही प्रकार लागू शकतात.

### घाट

अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे जिल्ह्याचे दोन भाग पडतात. जुन्या वऱ्हाडात दक्षिणेकडील उंच प्रदेशास बालाघाट आणि उत्तरेकडील पूर्णा नदीच्या सखल खोऱ्यास पयनघाट म्हणत. बुलढाणा, चिखली व मेहकर पठारावर, तर मलकापूर, नांदुरा व शेगाव खोऱ्यात आहेत. दोन्ही भागांना जोडणाऱ्या रस्त्यांना त्यामुळे घाट उतरावा लागतो. बुलढाणा–मोताळा–मलकापूर रस्त्यावर राजूर घाट, तर बुलढाणा–खामगाव रस्त्यावर ज्ञानगंगा अभयारण्यातून जाणारा बोथा घाट आहे.

घाट उतरताना गाडीचे वजन पुढच्या चाकांवर येते व मागची चाके हलकी होतात. वळणात अचानक ब्रेक दाबल्यास मागचा भाग घसरण्याचा संभव वाढतो. स्थिरता दिवा सतत पेटलेला असल्यास घाटात शिरण्यापूर्वीच वेग कमी करणे, खालच्या गिअरमध्ये उतरणे आणि वळणात शिरण्याआधी ब्रेकचे काम पूर्ण करणे हितावह असते. अभयारण्यातील रस्त्यावर वन्यप्राणी आडवा आल्यास करावे लागणारे वळण हे स्वीडनमधील चाचणीसारखेच असते.

### काळी माती

पूर्णेच्या खोऱ्यातील आणि पठारावरील बऱ्याच शेतजमिनी काळ्या मातीच्या आहेत. ही माती ओली झाल्यावर अतिशय चिकट व निसरडी होते. खरिपाच्या हंगामात शेतातून रस्त्यावर येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांना लागलेला चिखल डांबरावर पसरतो. पहिल्या पावसात रस्त्यावर साचलेली धूळ व तेल यांचाही निसरडा थर तयार होतो. अशा ठिकाणी दिवा क्षणभर लुकलुकणे हा बिघाड नसून रस्ता निसरडा असल्याची सूचना असते.

चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढताना मात्र ही प्रणाली अडथळा ठरू शकते. चाक फिरू लागताच ती इंजिनाची शक्ती कमी करते आणि गाडी जागीच राहते. यासाठीच ‘ऑफ’ बटण दिलेले असते. गाडी बाहेर निघाल्यावर ते पुन्हा दाबणे आवश्यक आहे. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यास सर्वसाधारणपणे प्रणाली आपोआप सुरू होते. चिखलातून आल्यानंतर दिवा सतत पेटू लागल्यास चाकांचा आतील भाग पाण्याने धुऊन पाहणे ही पहिली साधी तपासणी होय.

### समृद्धी महामार्ग

मुंबई व नागपूर यांना जोडणारा ७०१ किमी लांबीचा हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्ग जिल्ह्याच्या मेहकर, लोणार व सिंदखेड राजा या तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किमीचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, तर इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. मोटारींसाठी सपाट भागातील वेगमर्यादा ताशी १२० किमी आहे. या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ३३ मीटर पुढे जाते. टायर फुटणे, पुढील वाहन चुकविणे किंवा पाण्याच्या थरावर टायर तरंगणे अशा प्रसंगी चालकास विचार करण्यास वेळ मिळत नाही आणि प्रणालीचा उपयोग सर्वाधिक होतो. म्हणून दिवा सतत पेटलेला असताना या मार्गावर कमाल वेगाने जाणे धोक्याचे असते. डाव्या मार्गिकेत कमी वेगाने जाऊन पुढील निर्गमन मार्गाने बाहेर पडणे योग्य ठरते.

१ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजा तालुक्यातील पिंपळखुटा गावाजवळ नागपूरहून पुण्याकडे जाणारी खासगी बस या महामार्गावर उलटून पेटली व २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. त्यानंतर महामार्गावरील वेग, चालकांची विश्रांती, टायरची अवस्था आणि बसमधून बाहेर पडण्याचे मार्ग यांविषयी राज्यभर चर्चा झाली. यांपैकी एकही गोष्ट स्थिरता दिवा दाखवीत नाही.

## मर्यादा

विझलेला दिवा म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. गुळगुळीत झालेले टायर, छतावरील अतिरिक्त भार, चालकाची झोप किंवा वळणासाठी अवाजवी असलेला वेग यांपैकी काहीही प्रणाली दुरुस्त करू शकत नाही. टायरमधील हवेचा दाब दाखविणारा दिवा वेगळा असतो. स्थिरता प्रणाली टायरच्या पकडीवरच अवलंबून असल्याने झिजलेल्या टायरवर तिची परिणामकारकता घटते. भारतीय नियमांनुसार मोटारीच्या टायरच्या खाचांची खोली किमान १.६ मिमी असावी लागते.

प्रणाली वारंवार लुकलुकून हस्तक्षेप करीत असेल तर गाडी पुनःपुन्हा घर्षणाच्या मर्यादेवर जात आहे असा त्याचा अर्थ होतो. ‘गाडी सावरते’ या विश्वासाने वेग वाढविल्यास मर्यादा ओलांडली जाते आणि त्यानंतर सावरण्यासाठी काहीच शिल्लक राहत नाही.

## हेही पाहा

* एबीएस
* भारत एनसीएपी
* समृद्धी महामार्ग
* बुलढाणा जिल्हा
* ज्ञानगंगा अभयारण्य